नागीण हटेना, गोळ्या संपेनात

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांचं मूत्रपिंड बदललं, थोरल्या वन्संनी दिलं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, म्हणजे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टिरॉइड, कायम चालू आहेत. सव्वा महिन्यापूर्वी उजव्या बरगडीखाली नागीण उठली. गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅसायक्लोव्हिर दिलं. आठ दिवसांत उतार पडला म्हणून आम्ही थांबवलं, पुन्हा फोड आले म्हणून पुन्हा आणलं. असं तीनदा झालं. आता जुने फोड फुटून सुकायचे सोडून चामखिळीसारखे कडक, खवल्या-खवल्यांचे झाले आहेत आणि कडेला नवे येतच आहेत. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, विषाणू औषधाला दाद देत नसावा. नमुना तपासू, दवाखान्यात ठेवून फॉस्कारनेट नावाचं औषध शिरेतून देऊ, पण ते किडनीला जड आहे. गोळ्यांत आमची चूक झाली का? शिवाय मुलगी बाळंतपणाला आली आहे, सातवा लागला आहे. तिला काही होईल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आधी मुलीचं बघू, कारण ते आजच्या आज निस्तरता येतं.

नागीण झालेल्या माणसापासून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र दोन्हींचा विषाणू एकच, त्यामुळे फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कधीच कांजिण्या झाल्या नाहीत, लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणात कांजिण्या अंगावर काढण्यासारख्या नसतात, आईच्या फुप्फुसात उतरू शकतात. मुलीला लहानपणी झाल्या होत्या का, हे तुम्हालाच आठवेल. आठवत असेल तर निर्धास्त राहा. आठवत नसेल तर तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून रक्तातली व्हॅरिसेलाची, म्हणजे कांजिण्यांविरुद्धच्या प्रतिपिंडांची, आयजीजी तपासणी करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत तिने मावशीकडे, आत्याकडे, कुठेही राहावं. तुमच्या घरात नको. आयजीजी नसेल आणि संपर्काला दहा दिवस उलटले नसतील तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, म्हणून हा फोन उद्यावर ढकलू नका. यजमानांच्या फोडांवर कापड असू द्या, टॉवेल वेगळा ठेवा. फोड एका पट्ट्यापुरते न राहता अंगभर उठायला लागले तर विषाणू हवेतूनही पसरतो. तसं झालं तर त्यांनाही वेगळ्या खोलीत ठेवायचं.

आता गोळ्या. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात एक स्टीलची डबी असायची. नागिणीचा पेशंट दुसऱ्यांदा आला की त्याच्याकडच्या उरलेल्या पट्ट्या मागून घ्यायच्या, गोळ्या डबीत सोडायच्या आणि त्याच्यादेखत मोजायच्या. मूत्रपिंडं धड असलेल्या मोठ्या माणसाला अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅमचं, दिवसातून पाच वेळा, सात दिवस द्यायचं असतं. म्हणजे ३५ गोळ्या. दहा दिवस म्हटलं तर ५०. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. हे वेळापत्रक ज्याने घालून दिलं त्याने शेतात, कारखान्यात किंवा एसटीत कधी नोकरी केली नसावी. वाईच्या बाजूचे एक शिक्षक माझ्याकडे आले होते, "बाई, औषध लागू पडत नाही" म्हणून. डबीत २२ गोळ्या निघाल्या. शाळेत घ्यायला लाज वाटायची म्हणाले. आणि दुसरी चूक त्यांची नव्हती : मेडिकलमध्ये ८०० ची नव्हती म्हणून ४०० ची दिलेली. ओठावर फोड उठतात त्या हर्पिसला ४०० ची पुरते. नागिणीचा विषाणू त्याचाच चुलतभाऊ, पण जास्त चिवट. त्याला जास्त औषध लागतं. पोटात घेतलेल्या अ‍ॅसायक्लोव्हिरपैकी जेमतेम १५ ते २० टक्के रक्तात पोचतं हेही लक्षात घ्या. व्हॅलासायक्लोव्हिर त्याहून बरंच जास्त पोचतं, तीन वेळा घेऊन भागतं, म्हणून मी शेवटची काही वर्षं तेच लिहीत असे.

पण थांबा, लगेच गावातल्या डॉक्टरांवर चिडू नका. तुमच्या यजमानांचं मूत्रपिंड एकच, तेही दुसऱ्याचं. त्यांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) बघून डॉक्टरांनी डोस मुद्दाम कमी केला असेल तर ते बरोबरच आहे. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. जास्त साठलं तर माणूस असंबद्ध बोलायला लागतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. जुने कागद पुण्याला घेऊन जा. किती मिलिग्रॅम, किती वेळा, किती दिवस आणि त्या आठवड्यातलं क्रिएटिनिन हे चार आकडे एका कागदावर लिहा. पुण्याच्या डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होईल.

विषाणू दाद का देत नाही, हे समजून घ्यायचं तर अ‍ॅसायक्लोव्हिरची गंमत कळायला हवी. ते पोटात जातं तेव्हा कच्चं असतं, निरुपद्रवी. विषाणू ज्या पेशीत शिरलेला असतो तिथे त्याची स्वतःची एक चूल पेटलेली असते, तिला थायमिडीन कायनेज म्हणतात. त्या चुलीवर हे कच्चं औषध पहिल्यांदा शिजतं, पुढचं काम आपली पेशी करते, आणि मग तयार झालेलं विष विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतं. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे चूल नाही, म्हणून तिथे विषही नाही. विषाणूने स्वतःच्या चुलीवर स्वतःचं मरण रांधायचं! हे ज्यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांना पीएच.डी. कधी पूर्ण करता आली नव्हती. आमच्या कॉलेजात पदव्यांवरून नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवत असे.

आता या चुलीतच खोट आली तर? विषाणू आपल्या प्रती काढताना चुका करतो. लाखो प्रतींत एखादी अशी निघते की तिची चूल मोडकी असते. एरवी अशा प्रतीला काही भवितव्य नसतं. पण भोवती अ‍ॅसायक्लोव्हिर भरलेलं असेल, तर चूल असलेले सगळे मरतात आणि मोडक्या चुलीचा उरतो. त्याच्याकडे औषध कच्चं ते कच्चंच राहतं. धडधाकट माणसात असा उरलेला विषाणू आपल्याच पांढऱ्या पेशी निकालात काढतात. म्हणून धडधाकट माणसाच्या नागिणीत औषधाला दाद न देणारा विषाणू जवळपास बघायलाच मिळत नाही. तुमच्या यजमानांच्या पेशींना मात्र आपणच गप्प बसवलं आहे, बदललेली किडनी त्यांनी परकी म्हणून मारू नये म्हणून. पोलीस आपणच झोपवले आणि चोर सापडत नाही म्हणून तक्रारही आपलीच.

तेव्हा तुमची चूक झाली का, याला माझं उत्तर : थोडी. तीनदा थांबवून तीनदा सुरू करणं म्हणजे विषाणूला औषधाची ओळख करून देणंच होतं. पण नुसत्या तेवढ्याने हे झालं नसतं. मुख्य कारण दबलेली प्रतिकारशक्ती आहे, आणि ती दाबणं तर किडनीसाठी अटळ होतं. रात्री जागून स्वतःला दोष देत बसू नका.

फोड चामखिळीसारखे झाले, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ डॉक्टरांनाही ही खूण माहीत नसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एड्सच्या रुग्णांत औषधाला दाद न देणारी नागीण पहिल्यांदा नोंदली गेली, आणि त्यांच्यात असे जाड, खरखरीत, महिनोन्‌महिने न जाणारे फोड दिसायचे. मुंबईत एका मोठ्या सरकारी रुग्णालयात शिकत असताना, १९९६ च्या आसपास, आमच्याकडे एक ट्रकचालक आला. पाठीवर डाव्या बाजूला चार महिन्यांपासूनच्या चामखिळी. कुणी म्हणालं त्वचेचा क्षयरोग, कुणी म्हणालं साध्या चामखिळी. आम्ही त्या जाळायची तयारीही केली होती. आमच्या सरांनी पाठीवर बोट फिरवून विचारलं, "या सगळ्या एकाच रांगेत का आहेत रे?" तेवढ्या एका प्रश्नाने निदान झालं. औषधाचं नाव आणि किंमत ऐकून नातेवाईक त्याला घेऊन गेले, पुन्हा आले नाहीत. सरकारतर्फे एचआयव्हीची औषधं मोफत मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून. त्यानंतर अशा पाठी मी क्वचितच पाहिल्या. विषाणूवरच्या कुठल्या नव्या औषधाने नव्हे, प्रतिकारशक्ती परत आल्याने.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. यजमानांच्या उपचाराचा अर्धा भाग किडनीतज्ज्ञांच्या हातात आहे. मायकोफेनोलेट थोडं उतरवता येईल का, हे त्यांना जरूर विचारा. पण एक मिलिग्रॅमही स्वतःच्या मनाने कमी करू नका. नागीण बरी होईल आणि वन्संची किडनी जाईल, असं व्हायला नको.

तपासणीबद्दल थोडं. फोडाच्या तळाचा किंवा खपलीचा नमुना घेऊन पीसीआरने हा नागिणीचाच विषाणू आहे हे आधी पक्कं करतात (कधीकधी तो चुलतभाऊच निघतो). मग त्या चुलीचं आणि डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजचं जनुक वाचून खोट कुठे आहे ते बघतात. विषाणू प्रयोगशाळेत वाढवून औषध घालून बघण्याची जुनी पद्धत आहे, पण हा विषाणू पेशीला इतका चिकटून राहतो की वाढता वाढत नाही. जनुक वाचण्याची सोय कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नसते, रिपोर्टला वेळ लागतो. म्हणून नमुना आधी घ्यायचा, पण रिपोर्टसाठी उपचार अडवून धरायचे नाहीत. योग्य डोस दहा दिवस व्यवस्थित जाऊनही नवे फोड येत असतील तर तेच औषध पुढे रेटण्यात अर्थ नाही. आणि कुणी "अ‍ॅसायक्लोव्हिर नाही तर फॅमसायक्लोव्हिर देऊन बघू" म्हणालं, तर नम्रपणे विचारा की ते कुठल्या चुलीवर शिजतं. त्याच. व्हॅलासायक्लोव्हिर तर पोटात जाऊन अ‍ॅसायक्लोव्हिरच होतं.

फॉस्कारनेटला चूल लागत नाही. ते बाहेरून शिजवून आणलेलं, थेट पॉलिमरेजवर जाऊन बसतं. म्हणून मोडक्या चुलीच्या विषाणूवर चालतं. (खोट पॉलिमरेजमध्येच असेल तर मात्र तेही फसू शकतं, त्यासाठी तो रिपोर्ट हवा.) किडनीला जड आहे हे खरं. म्हणून ते दवाखान्यातच, पंपाने सावकाश देतात, आधी सलाईन भरतात, आणि क्रिएटिनिन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वरचेवर तपासतात. तुम्ही जवळ बसणार, तेव्हा तुम्ही बघायच्या दोन गोष्टी. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात असं ते म्हणाले तर लगेच सिस्टरला बोलवा, कॅल्शियम उतरत असेल. दुसरी गोष्ट राउंडला सहसा कुणी सांगत नाही, आणि पेशंट लाजेने बोलत नाहीत : औषध लघवीतून जाताना जननेंद्रियावर चरे, जखमा करू शकतं. प्रत्येक वेळी लघवी झाल्यावर पाण्याने धुवून कोरडं करायचं. एवढ्याने बरंच टळतं. सिडोफोव्हिर म्हणून आणखी एक औषध आहे, त्यालाही चूल लागत नाही, पण तेही किडनीला तितकंच जाचक. तुमच्या यजमानांच्या बाबतीत निवड दोन बऱ्यांतून नाही, हे मी गोड करून सांगणार नाही. तरी पुण्याचे डॉक्टर जे म्हणतात ते मला पटतं.

आणि डोळा. बरगडीची नागीण डोळ्याकडे सरकत नाही, पण प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात हा विषाणू रक्तातून पडद्यापर्यंत जाऊ शकतो. अंधुक दिसतं, काळे ठिपके तरंगतात असं म्हणाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. डोकं जड होणं, गुंगी, बरळणं यालाही तोच नियम.

प्रश्न : मला मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कर्करोग) आहे. बोर्टेझोमिबची इंजेक्शनं चालू आहेत आणि सोबत अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० दिवसातून दोनदा, आठ महिने झाले. भाऊ म्हणतो, अँटिबायोटिक सतत घेतलं की जंतू निर्ढावतात, तसंच हे. म्हणून पंधरा दिवसांपासून गोळी बंद केली आहे. बरोबर केलं ना? (नाशिक)

उत्तर : नाही. आजच तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन करून गोळी पुन्हा सुरू करा.

भावाचं म्हणणं चुकीच्या जागी लागू पडलं आहे. तुमचा विषाणू आत्ता झोपलेला आहे, कांजिण्या झाल्या तेव्हापासून मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींत. झोपलेला विषाणू प्रती काढत नाही, आणि प्रती नाहीत तर चुका नाहीत. ही गोळी दारावरचा राखणदार आहे. विषाणू उठायला लागला की पहिल्या पावलालाच त्याला अडवते. निर्ढावतो तो जागा झालेला, आठवडेच्या आठवडे अर्धवट औषधाखाली वाढत राहिलेला विषाणू. वरच्या पत्रातल्यासारखा. बोर्टेझोमिब घेणाऱ्यांना नागीण इतक्या सहज होते की ही गोळी सोबत देणं हा आता रिवाजच आहे. पाणी भरपूर प्या. गोळी चालू असूनही एका बाजूला फोड उठले तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. तुम्ही बंद केली हे डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. आम्हाला त्याचा राग येत नाही. लपवल्याचा येतो, कारण मग आम्ही गोळी चालू होती असं धरून पुढचा हिशेब करतो.

प्रश्न : नऊ वर्षं एआरटी (एचआयव्हीची औषधं) घेतो आहे, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चांगले आहेत. दहा वर्षांत दोनदा नागीण झाली. म्हणजे माझा विषाणू औषधाला दाद देत नाही का? आजी काव लावते आणि म्हणते, तोंड-शेपटी जुळली की माणूस जातो. (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : दोन्ही वेळा गोळ्यांनी आठ-दहा दिवसांत खपल्या धरल्या ना? मग विषाणूने दाद दिली. पुन्हा उठणं वेगळं आणि औषध न चालणं वेगळं.

आजींना माझा नमस्कार सांगा. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने येते, तो मणक्यातून निघून एकाच बाजूने पुढे येतो आणि मधल्या रेषेवर थांबतो. म्हणून तोंड-शेपटी जुळणं जवळपास होतच नाही. पण प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसात नागीण ही रेषा ओलांडते, अंगभर उधळते, आणि तेव्हा जिवाला खरंच धोका असतो. आजींच्या आजीने असा एखादा माणूस पाहिला असेल. काव मात्र नको, ओल्या फोडावर माती लावून वर दुसरा जंतुसंसर्ग कशाला ओढवून घ्यायचा?

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, संधिवातासाठी टोफासिटिनिब सुरू करायचं म्हणताहेत. नागिणीची लस आधी द्यावी का? लशीतूनच नागीण होते असं ऐकलं. (डोंबिवली)

उत्तर : द्यावी, आणि जमलं तर टोफासिटिनिबच्या आधी. त्या औषधाने नागिणीचा धोका वाढतो हे नक्की.

ऐकीव गोष्टीत तथ्य आहे, पण ते जुन्या लशीबद्दल. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये जपानमध्ये कांजिण्यांची जी लस प्रसिद्ध केली तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू होता. ज्या मुलाच्या फोडातून तो घेतला त्याच्या आडनावावरून त्याला ओका म्हणतात. नागिणीची जुनी लसही त्याच विषाणूची. दबलेल्या प्रतिकारशक्तीत असा दुबळा विषाणूही शिरजोर होतो. अमेरिकेत एका लहान मुलाला कर्करोगाचं निदान होण्याच्या थोडं आधी कांजिण्यांची लस दिली गेली, लशीतला विषाणू अंगात वाढतच राहिला आणि शेवटी अ‍ॅसायक्लोव्हिरलाही जुमानेना. हे २००३ मध्ये छापून आलेलं आहे.

आता आपल्याकडे २०२३ पासून मिळते ती शिंग्रिक्स, तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे. तिच्यातून नागीण होणं शक्य नाही. दोन डोस, एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध येणार असेल तर दुसरा एक-दोन महिन्यांतही देतात. दंड दुखतो, दोन दिवस कणकण राहते. महाग आहे, दोन्ही डोसांचे पैसे आधीच बाजूला काढा. एकच देऊन थांबलेले मी बरेच पाहिले आहेत.

ताजा कलम : मजकूर छपाईला द्यायच्या दिवशी कराडच्या वाचकांचा फोन आला. मुलीचं आयजीजी आहे. कांजिण्या झाल्या होत्या, पण आजोळी, मे महिन्याच्या सुट्टीत, आणि आजीने लेकीला काळजी नको म्हणून कळवलंच नव्हतं. यजमानांना फॉस्कारनेट सुरू होऊन चौथा दिवस. मॅग्नेशियम उतरलं होतं, ते भरताहेत. काल एकच नवा फोड होता.